गोदाकाठचे सोळा प्रश्न

प्रश्न : आमच्या विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होतं, पौर्णिमेला परित्राणपाठ होतो. मुलगा विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आला. तिथं पुस्तक हातात घेऊ देत नाहीत म्हणे. मग जुन्या पाली ग्रंथांचा ध्यानाशी संबंध काय? आणि त्यांत आपल्या भागाचं काही आहे का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेऊ, पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघेल.

परित्राणपाठातली मंगल सुत्त, रतन सुत्त आणि करणीय मेत्त सुत्त ज्या 'सुत्तनिपाता'त आहेत, त्याचाच शेवटचा भाग 'पारायनवग्ग'. त्याची कथा गोदावरीच्या काठी सुरू होते. अस्सक म्हणजे अश्मक देशात बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण आश्रम करून राहतो. अश्मकाची राजधानी पोतन म्हणजे नांदेडच्या सीमेपलीकडचं बोधन, असं बरेच अभ्यासक मानतात. बावरी आपले सोळा शिष्य बुद्धाकडे धाडतो. पैठण, महिष्मती, उज्जैन, विदिशा अशी मजल-दरमजल करत ते मगधात पोचतात आणि एकेक जण आपली शंका विचारतो.

ही प्रवासकथा मागाहून जोडलेली मानतात. प्रश्नोत्तरं मात्र फार जुनी. संयुत्त आणि अंगुत्तर निकाय या पाली संग्रहांतच त्यांचा नावानिशी हवाला येतो.

आता ध्यानाचं. सोळांपैकी अजित विचारतो, चहूकडे धावणारे प्रवाह कशानं अडवायचे? उत्तर मिळतं : स्मृती म्हणजे जागरूकता हा बांध, आणि प्रज्ञेनं ते कायमचे बंद होतात. उदयाला सांगितलं जातं, की आतल्या-बाहेरच्या वेदनांत म्हणजे संवेदनांत रमू नकोस; उपेक्षा म्हणजे समता आणि स्मृती शुद्ध ठेव. शिबिरात अंगावरच्या संवेदना समतेनं पाहायला शिकवतात, त्याचं मूळ असल्या उपदेशात सापडतं. उपसीवाला मात्र 'काहीच नाही' हे आलंबन म्हणजे ध्यानाचा आधार दिला जातो. विचारणारा जसा, तसं उत्तर. म्हणून ग्रंथ दिशा दाखवतो. रोज बसायचं कसं, हे शिकवणाऱ्याकडूनच घ्यावं लागतं.

पुस्तकबंदी शिबिरापुरतीच असते. जुन्या साधकांच्या सतिपट्ठान शिबिरात तर 'महासतिपट्ठान सुत्त'च उलगडून सांगतात.

धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपाताचं मराठी भाषांतर केलं आहे. विहारातल्या वाचनाला जोडून एकेक प्रश्न घेतलात, तर आश्विन पौर्णिमेच्या आत सोळाही होतील. उदयाचा प्रश्न मुलाला वाचायला सांगा. त्याचा अर्थ तोच तुम्हाला समजावून देईल.