वाचकांची पत्रे

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी निघणारे वर्तमानपत्र हाती आले, की त्याच्या आतल्या पानावर गावोगावच्या सूचना आढळतात. ग्रामदैवताच्या यात्रेची तारीख, नळाला पाणी सोडण्याची बदललेली वेळ, वाचनालयाची वार्षिक सभा, रक्तदानाचे शिबिर, हरवलेली बैलजोडी अशा त्या सूचना असतात. जगाच्या दृष्टीने त्या क्षुल्लक असतील. परंतु त्या त्या गावाच्या दृष्टीने त्यांचे मोल फार असते. ह्या सूचनांच्या शेजारीच वाचकांची पत्रे छापलेली असतात. ‘संपादक महाशयांस’ असा त्यांचा प्रारंभ असतो आणि शेवटी लिहिणाराचे नाव व गाव असते.

ह्या पत्रांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. मराठी वृत्तपत्रांचा उदय तेथून झाला. पुढे १८४१ साली भाऊ महाजन यांनी ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले. १८४८ पासून त्यात एका लेखकाची पत्रे एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागली. त्यांखाली सही असे ‘लोकहितवादी’. हे लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख. त्या वेळी ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. विद्येची उपेक्षा, जातिभेद, विधवांचे हाल अशा विषयांवर त्यांनी निर्भीडपणे लिहिले. त्यांनी दाखविलेले दोष मुख्यतः आपल्याच समाजाचे होते. म्हणून ते पुष्कळांना झोंबले. ‘शतपत्रे’ ह्या नावाने ओळखली जाणारी ही पत्रे प्रत्यक्षात १०८ आहेत.

लेखणी धरण्यास मोठे वय लागते असेही नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता साळवे ह्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या आपल्या समाजाची दुःखे तिने त्यात मांडली. ज्यांना शतकानुशतके अक्षरओळखही होऊ दिली नव्हती, त्यांच्यातील एका मुलीचे शब्द छापून निघाले आणि सर्वांना ते वाचावे लागले.

आता एक साधे उदाहरण घेऊ. समजा, ‘सोमवारी आरोग्य केंद्रात बालकांना लस टोचण्यात येईल,’ अशी सूचना छापून आली. एका दूरच्या वस्तीवरील स्त्रिया दिवसाची मजुरी बुडवून, मुले कडेवर घेऊन दोन कोस चालत गेल्या. तेथे त्यांना कळले, की लस मंगळवारी आहे. ह्या प्रकाराविषयी दोन वाचकांनी संपादकांस पत्रे लिहिली.

पहिल्याने लिहिले : “सारा कारभार बेजबाबदार आहे. गरिबांना कोणी वाली उरला नाही.”

दुसऱ्याने लिहिले : “आपल्या शनिवारच्या अंकात लस टोचण्याचा वार सोमवार असा छापला आहे. आरोग्य केंद्राच्या फलकावर मात्र मंगळवार लिहिलेला आहे. तो मी स्वतः जाऊन पाहिला. सोमवारी आमच्या वस्तीवरील सात स्त्रिया मुलांना घेऊन रिकाम्या परतल्या. कृपया दुरुस्ती छापावी व पुढील सूचना केंद्रातून पडताळून घ्यावी.”

पहिल्या वाचकाचा संताप खोटा नव्हे. परंतु ते पत्र वाचून कोणी काय करावे, हे कळत नाही. दुसऱ्या पत्रात अंक कोणता, चूक कोणती, त्रास कोणाला झाला आणि उपाय काय, हे सर्व आहे. एकही कठोर शब्द न वापरता त्या सात स्त्रियांचे कष्ट त्यात प्रकट झाले आहेत. शिवाय त्या वाचकाने ऐकीव गोष्टीवर विसंबून न राहता फलक स्वतः पाहिला. तसे केले नसते, तर एक चूक सुधारताना कदाचित दुसरीच छापली गेली असती.

आलेले प्रत्येक पत्र छापले जातेच असे नाही. संपादक त्यातील मजकूर पारखतात, जागेच्या मानाने तो संक्षिप्त करतात. टोपणनावाने लिहिणाऱ्यालाही आपले खरे नाव व पत्ता त्यांना कळवावा लागतो. कारण छापलेल्या शब्दाची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. निनावी पत्राने एखाद्या निरपराध माणसाची अब्रू जाऊ शकते. आणि गेलेली अब्रू दुसऱ्या दिवशीच्या दुरुस्तीने परत येत नाही.

त्या सात स्त्रियांपैकी कोणाला कदाचित लिहिता येत नसेल. ज्याला लिहिता येते, त्याने त्यांचे म्हणणे खरेपणाने मांडावे आणि त्याखाली आपले नाव घालावे. विद्येचा हाही एक उपयोग आहे.

स्वाध्याय

१. लोकहितवादींची पत्रे पुष्कळांना का झोंबली?
२. उदाहरणातील दोन पत्रांपैकी अधिक उपयुक्त कोणते? सकारण सांगा.
३. ‘वाली नसणे’ व ‘विसंबून राहणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. आपल्या गावातील एखादी अडचण स्वतः पाहून तिच्याविषयी संपादकांस दहा ओळींचे पत्र लिहा.