मुलगी गाडी चालवणार, विम्याचं काय?

प्रश्न : मुलीला अठरावं लागलं की लर्निंग लायसन्स काढायचं म्हणते. कार माझ्या नावावर आहे. पॉलिसीत तिचं नाव घालावं लागेल का?

उत्तर : नाही. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. वैध लायसन्स असलेल्या कुणीही तुमच्या परवानगीने गाडी चालवली, तरी संरक्षण कायम राहतं. लर्निंग लायसन्सवरही ते मिळतं. मात्र शेजारी पक्कं लायसन्स असलेली, तिला शिकवणारी व्यक्ती बसलेली हवी आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ची पाटी हवी. शेजारची सीट रिकामी असताना अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. समोरच्याला दिलेली भरपाईही कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते.

‘अठरावं लागलं’ म्हणजे सतरा पूर्ण. कारच्या लर्निंग लायसन्ससाठी अठरा पूर्ण लागतात, तोवर किल्ली देऊच नका. अल्पवयीन मुलाने वाहतुकीचा गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पॉलिसीतलं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त मालक-चालकाला, म्हणजे तुम्हाला असतं. मुलीसाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. आणि बंपरच्या लहानशा ओरखड्यासाठी दावा करण्याआधी गॅरेजचा अंदाज मागवा. एका दाव्याने नो क्लेम बोनस शून्यावर येतो.