आपलं नाव आपणच घ्यावं का?

प्रश्न : पुण्यातल्या कॅफेंमध्ये मी स्वतः लिहून चाल लावलेली मराठी गाणी गिटारवर गातो. लोक टाळ्या वाजवतात, पण नंतर कुणाला माझं नाव आठवत नाही. आपणच आपलं नाव सांगणं मला उथळ वाटतं. जुने गवई असं करायचे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : करायचे, तेही खणखणीत आवाजात. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं. दोन-तीन मिनिटांची तबकडी. तरी गाणं संपताच त्या इंग्रजीतून आपलं नाव सांगतात. कारण अगदी व्यवहारी होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं आणि लेबल चुकू नये, एवढ्यासाठी ते नाव. श्रोत्यांसाठी नव्हतंच, तरी घरोघरी पोचलं.

तुमचं लेबल तुम्हालाच लावायचं आहे. फक्त वेळ साधा. शेवटच्या गाण्यानंतर सांगाल तर खुर्च्या सरकलेल्या असतात, बिलं मागवलेली असतात. त्याआधीच, तारा जुळवताना, सांगा : मी अमुक, गाणं माझंच, आणि ते या नावाने सापडेल. रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि पोस्टरपासून यूट्यूबपर्यंत तेच ठेवा. बँडला ‘स्वरांजली’सारखं नाव देणार असाल तर कृपा करून देऊ नका, शोधणाऱ्याला गाण्याचे क्लास आणि भजनी मंडळं सापडतील, तुम्ही नाही.

माझ्या मते फॉलोअरपेक्षा फोन नंबर मोलाचा. टेबलावर क्यूआर कोड ठेवा आणि ऐकणाऱ्याला तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा. हे महत्त्वाचं, कारण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. एका यादीत २५६ जण मावतात. त्यातले तीस जण पुढच्या कार्यक्रमाला आले तर कॅफेवाल्याशी मानधनाचं बोलताना तुमचा आवाज आपोआप चढेल.

विकतचे स्ट्रीम घेऊ नका. आकडा पकडला गेला तर गाणंच काढलं जाण्याची भीती. स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही हे खरं. पण तो आकडा ओलांडूनही हाती येतं ते किरकोळच.

त्यापेक्षा गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्या, गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी, आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा वारसांना किंवा अशा सोसायटीलाच देता येतो. उद्या एखाद्या कंपनीने ‘सगळे हक्क आमचे’ असा करार पुढे केला, तर सहीआधी हे कलम दाखवा.