सेवेतील थकवा आणि समरसता

प्रास्ताविक

दुसऱ्यांचे अश्रू पुसण्याचे काम ज्यांनी पत्करले आहे, त्यांच्या मनाची काळजी कोणी घ्यावी? समाजकार्यकर्त्यांच्या त्यागाचा आपण गौरव करतो. त्यांच्या थकव्याचा विचार मात्र क्वचितच करतो. प्रस्तुत पाठात त्या थकव्याची कारणे व त्यावरील उपाय समजून घ्यावयाचे आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• साधा थकवा आणि बर्नआउट यांतील फरक सांगू शकाल;
• कार्यसमरसतेची लक्षणे स्पष्ट करू शकाल;
• स्वतःच्या कामाच्या परिस्थितीचा डोळसपणे विचार करू शकाल.

मूळ पाठ

समाजकार्य हे केवळ दयाबुद्धीने करावयाचे काम नसून, तो प्रशिक्षण घेऊन करावयाचा व्यवसाय आहे. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय स्थापन झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय. प्रशिक्षित कार्यकर्ते आज रुग्णालये, बालगृहे, कारागृहे आणि वस्त्या अशा अनेक ठिकाणी काम करतात.

या कामाचे स्वरूपच असे आहे, की त्यात माणसाचे मन सतत खर्च होते. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने या गोष्टीकडे लक्ष वेधले. न्यूयॉर्क शहरातील एका मोफत दवाखान्यात ते काम करीत असत. मोठ्या उमेदीने आलेले स्वयंसेवक काही काळाने चिडचिडे, उदास आणि निरुत्साही होतात, असे त्यांना आढळले. या अवस्थेला त्यांनी ‘बर्नआउट’ म्हटले. जळून जळून संपणे, असा या शब्दाचा अर्थ.

क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन या संशोधकांनी १९८१ साली ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात तीन लक्षणे मानली आहेत : भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि ‘आपल्या हातून काही साधत नाही’ ही भावना. साधा थकवा विश्रांतीने ओसरतो. बर्नआउट मात्र रजेवरून परतताच पुन्हा मनाला वेढतो.

यांतील दुसरे लक्षण सर्वांत घातक आहे. अशी कल्पना करा, की घरातील मारहाणीला कंटाळून पळालेले एक मूल कार्यकर्तीसमोर बसले आहे. तिच्या मेजावर अशाच प्रकरणांचा ढीग आहे. ती प्रश्न विचारते, उत्तरे लिहून घेते. पण मुलाकडे पाहत नाही. तिच्या लेखी ते मूल आता केवळ एक क्रमांक झालेले असते. मूल गप्प होते आणि जे सांगायला हवे होते, तेच सांगायचे राहून जाते. कार्यकर्तीचे मन विझले, की त्याची किंमत अशी दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

मग हा दोष त्या कार्यकर्तीचा मानावा काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले, की बर्नआउट हा आजार नसून, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था आहे. कारण कामाच्या ठिकाणी असेल, तर उपायही तेथेच शोधावयास हवा.

याच्या विरुद्ध टोकाची अवस्था म्हणजे कार्यसमरसता. विल्मार शॉफेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली तिची तीन अंगे सांगितली : उत्साह, समर्पण आणि तल्लीनता. काम तेच असूनही एक जण विझतो आणि दुसरा समरस होतो, असे का घडते? कामाच्या मागण्या वाढल्या, की माणूस थकतो; पण मार्गदर्शन, सहकाऱ्यांची साथ, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि कामाची कदर लाभली, तर तोच भार पेलण्याचे बळ मिळते. येथे एक गोष्ट विसरता कामा नये : जो पेटतच नाही, तो विझणार कसा? कामात जीव ओतणाऱ्यालाच विझण्याचे भय अधिक असते.

म्हणून संस्थेने प्रत्येकाकडील प्रकरणांची संख्या मर्यादित ठेवावी, अनुभवी व्यक्तीशी नियमित चर्चेची सोय करावी आणि वेळेवर पूर्ण मोबदला द्यावा. मानधनावर काम करणाऱ्या अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांनाही हे तितकेच लागू पडते. कार्यकर्त्यानेही विश्रांतीला आळस समजू नये आणि मदत मागण्यात कमीपणा मानू नये. २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर मनातील ताणाविषयी विनामूल्य बोलता येते.

दिव्याची स्तुती केल्याने तो तेवत राहत नाही. त्यात वेळोवेळी तेल घालावे लागते.

शब्दार्थ

समरसता – एकरूप होण्याची वृत्ती
मोबदला – कामाबद्दल मिळणारे धन
कदर – योग्यतेची जाणीव

स्वाध्याय

१. बर्नआउटची तीन लक्षणे लिहा.
२. ‘जो पेटतच नाही, तो विझणार कसा?’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. आपल्या कामात आपणांस बळ देणाऱ्या दोन गोष्टींविषयी आठ ओळी लिहा.