दांडीचा परकार



चिखलीतील आमच्या सुतारकामाच्या वर्गाला दर शनिवारी सात मुले येतात. बहुतेक कातकरी कुटुंबांतली. आईवडिलांबरोबर वीटभट्ट्यांवर फिरताना शाळा सुटलेली. गणित म्हटले की माना खाली जातात.

गेल्या महिन्यात 30 इंची गोल टेबलाचे काम मिळाले. मी सवयीने खिळा ठोकला, सुतळीला पेन्सिल बांधली आणि रेघ फिरवली. रेघ जिथून निघाली तिथे परत आलीच नाही, अर्धा बोट आत गेली. सुतळी ताणते, पेन्सिल कलते, हे ठाऊक असूनही मी घाईत तसेच कापले. चांगली फळी बिघडली. एका मुलाने विचारले, "सर, दोरीऐवजी काठी घेतली तर?" त्याने न कळत दांडीचा परकारच सांगितला होता.

लाकूड विकत घेऊ नका. चाकणच्या कारखान्यांत येणाऱ्या खोक्यांचे पाइन कुदळवाडीच्या भंगारात मिळते. 2025 च्या कारवाईत तिथली बरीच गोदामे गेली, तरी शोधले तर सापडते. फळीवरचा शिक्का मात्र पाहा. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटे तापवलेले, ते घ्या. 'एमबी' म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेले. ते मुलांच्या हाती देऊ नका.

दांडी 2 फूट लांब, 25 मि.मी. उंच, 12 मि.मी. जाड. रंध्याने सरळ करा. एका टोकाखाली छोटा ठोकळा चिकटवा आणि त्यातून डोके कापलेला, कानशीने टोकदार केलेला खिळा उभा बसवा. दुसरा ठोकळा सरकता. त्याला आरपार चौकोनी खाच हवी. आधी गिरमिटाने भोके पाडा, मग पटाशीने कोपरे काढा. खाच दांडीपेक्षा 8 मि.मी. उंच ठेवा, म्हणजे वरून लाकडी पाचर मारता येते. खाचेच्या बाजूच्या भिंतीत पेन्सिलीपुरते उभे भोक पाडा. ढिले झाले तर कागदाची घडी घाला. दोन्ही ठोकळे दांडीखाली सारखेच उतरले पाहिजेत, नाहीतर दांडी कलते आणि सुतळीचेच दुखणे परत येते.

माप खिळ्याच्या टोकापासून पेन्सिलीच्या टोकापर्यंत घ्यायचे. टेबल 30 इंची, तर परकार 15 वर. इथे दोघे 30 लावायला निघाले होते! 'व्यास' आणि 'त्रिज्या' हे शब्द मी त्यानंतर सांगितले. वरच्या बाजूला खिळ्याचे छिद्र दिसू नये म्हणून वर्तुळ फळीच्या खालच्या बाजूने आखा.

कापण्याआधी परीक्षा घ्या. परकार न हलवता खिळा रेघेवर कुठेही टेकवा, पुढे खूण करा, त्या खुणेवर खिळा ठेवून पुन्हा खूण करा. सहाव्या पावलाला पहिल्या जागी पोचले पाहिजे, वर्तुळ लहान असो की मोठे. आमचे पहिल्यांदा 2 मि.मी. चुकले. पाचर सैल होती. ती ठोकून पुन्हा आखले, तेव्हा माना खाली घालणाऱ्यांपैकी एकाने मोठ्याने सहा मोजले आणि खिळा बरोबर खुणेवर बसला. मग त्याने ताटाएवढे वर्तुळ काढून तिथेही मोजले, कारण माझ्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता.

टेबल गिऱ्हाइकाकडे गेले. बिघडलेल्या फळीतून 28 इंची गोल निघाला. सध्या त्यावर वर्गाचा चहा होतो.