संगणकातून वाद्य जाते तेव्हा
(द्वितीय वर्ष, कला)

वाद्य जुने होते, बिघडते, अडगळीत पडते; पण ते आपोआप नाहीसे होत नाही. माळ्यावर ठेवलेली पेटी दहा वर्षांनी खाली काढली, तर भाता फाटलेला असेल, दोन-चार सूर बसलेले असतील, पण पेटी जागेवर असते. दादरला जाणकार दुरुस्तीवाल्याकडे नेली, तर पालिताण्याचे नवे सूर बसवून ती पुन्हा बोलू लागते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र वाद्यांची एक वेगळीच जात आपल्याकडे आली आहे. ही वाद्ये संगणकात राहतात. संगीत तयार करण्याच्या सॉफ्टवेअरबरोबर ती आयती मिळतात आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत ती गुपचूप वगळलीही जातात. असे का होते आणि झाल्यास काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण घरगुती आहे. माझा मामा लालबागला राहतो. दिवसा नोकरी करतो आणि सणासुदीला बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. रात्री चाळीतल्या खोलीत संगणकावर मंडळांच्या आगमनाच्या धुना आणि भजनी मंडळांचे संगीत तयार करतो. इंग्रजी त्याला बेताचेच येते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे पडद्यावर इंग्रजी सूचना उमटली की हाक मला येते. गेल्या वर्षी त्याने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली आणि चार वर्षांपूर्वीची एक धून उघडली. चोवीसपैकी सात ट्रॅक मुके झाले होते. त्याच धुनेवर गणपतीच्या आगमनाची सुपारी घेतलेली होती आणि हातात आठ दिवस होते. "अगो, ह्या काय लिवलाहा ता वाच बघू," मामा म्हणाला. मी वाचले. ही वाद्ये या आवृत्तीत समाविष्ट नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होता. "मग माझो सूर खंय गेलो?" त्याने विचारले. या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते शोधताना जे वाचले आणि करून पाहिले, ते पुढे मांडते.

सुरावट आणि नाद

संगणकावर कीबोर्डने वाजवलेले संगीत बहुधा 'मिडी' या पद्धतीने साठवले जाते. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडता यावीत म्हणून १९८३ साली ही पद्धत अस्तित्वात आली. मिडीत आवाज नसतो. कोणती पट्टी केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद तीत असते. आपल्याला परिचित उदाहरण द्यायचे तर ती स्वरलिपीसारखी आहे. वाळकेश्वरला जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. त्यांच्या पुस्तकातून बंदिश मिळते, पण ज्याच्याकडून ती घेतली त्या गवयाचा गळा मिळत नाही. संगणकात या गळ्याचे काम 'प्लगइन' करते. प्लगइन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडलेले छोटे सॉफ्टवेअर. मिडीची नोंद वाचून ते बासरीचा, व्हायोलिनचा किंवा ढोलकीचा नाद निर्माण करते.

तेव्हा मामाच्या प्रश्नाचे उत्तर असे की सूर कोठेही गेले नव्हते. सातही ट्रॅकमध्ये सुरावट शाबूत होती. वाजवणारा तेवढा निघून गेला होता. हा भेद ध्यानात आला की पुढचे सर्व उपाय समजायला सोपे जातात.

वाद्ये का वगळली जातात?

पहिले कारण संगणकाच्या रचनेतले आहे. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली प्लगइनची 'व्हीएसटी' ही पद्धत आणली आणि १९९९ साली तिच्या दुसऱ्या आवृत्तीत वाद्यांची सोय झाली. त्या काळचे संगणक ३२ बिटांचे होते. ३२ बिटांचे सॉफ्टवेअर एका वेळी जास्तीत जास्त ४ जीबी स्मृती हाताळू शकते. पुढे ६४ बिटांचे संगणक आले. ६४ बिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिटांचे प्लगइन सरळ चालत नाही, मध्ये दुभाष्या लागतो. काही काळ कंपन्यांनी हा दुभाष्या पुरवला आणि नंतर काढून घेतला. ॲपलच्या लॉजिक प्रोने २०१३ साली, तर स्टाइनबर्गच्या क्युबेसने २०१६ साली ३२ बिटांच्या प्लगइनांना दार बंद केले. ॲपलच्या २०१९ च्या कॅटलिना या प्रणालीत तर ३२ बिटांचे कोणतेच सॉफ्टवेअर चालेनासे झाले. २०२२ च्या जानेवारीत स्टाइनबर्गने आपल्या सॉफ्टवेअरमधून व्हीएसटीची दुसरी आवृत्तीही दोन वर्षांत बाद करण्याचे जाहीर केले.

दुसरे कारण व्यवहाराचे. जुने प्लगइन प्रत्येक नव्या संगणकावर चालते ठेवायला माणसे आणि पैसा लागतो. काही वाद्ये दुसऱ्या कंपनीकडून कराराने घेतलेली असतात. करार संपला की वाद्यही जाते. क्वचित सबंध कंपनीच हात वर करते. केकवॉक या जुन्या सॉफ्टवेअरचे काम गिब्सन कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये थांबवले. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने ते घेतले म्हणून ते वाचले.

पूर्वी असे घडले होते काय?

एका प्रकारे घडले होते. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. पेटीचे सूर ठरावीक असतात, तिच्यातून मींड निघत नाही आणि श्रुती साधत नाहीत, असा आक्षेप होता. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षे देशातल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावरून एक वाद्य वगळले गेले, तरी ते मेले नाही. गिरगावातल्या मैफलीत, संगीत नाटकात, गिरणगावातल्या भजनात पेटी वाजतच राहिली. आकाशवाणी केंद्रावर पेटी नसली तरी लोकांच्या घरात ती होती, हे त्याचे कारण. संगणकातल्या वाद्याचे नेमके येथेच अडते. ते आपल्या घरात असते, पण त्याची किल्ली दुसऱ्याकडे असते.

दुसरे उदाहरण अधिक आशादायक आहे. 'नागिन' (१९५४) या चित्रपटातली बीन आजही लोकांच्या कानात आहे. तो आवाज गारुड्याच्या पुंगीचा नव्हता. गिरगावात वाढलेले कल्याणजी यांनी तो क्लॅव्हिओलीन या विजेवर चालणाऱ्या फ्रेंच वाद्यावर काढला होता आणि साथीला रवी यांची पेटी होती. एका वाद्याची जागा दुसरे घेऊ शकते. मात्र घेणाऱ्याचा कान तयार असावा लागतो. आमच्या बेंजोचेही तसेच. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात जन्मलेले हे वाद्य परळ-लालबागच्या मिरवणुकीत इतके मुरले की ते परके आहे, हे कोणाला सांगूनही पटत नाही.

उपाय

(१) नाद पक्का करून ठेवणे. गाणे पूर्ण झाले की प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे 'वेव्ह' फाइलमध्ये उतरवावा आणि सर्व फाइली गाण्याच्या आरंभापासूनच सुरू कराव्यात. म्हणजे त्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या की आपोआप जुळतात. २४ बिट व ४८ किलोहर्ट्झ या दर्जाला स्टिरिओ ट्रॅकला मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा लागते. पाच मिनिटांच्या, वीस ट्रॅकच्या गाण्याला पावणेदोन जीबी पुरतात. आजच्या पेनड्राइव्हच्या मानाने ही जागा क्षुल्लक आहे.

(२) सुरावट वेगळी ठेवणे. मिडीची फाइल स्वतंत्र साठवावी. १९८३ ची ही पद्धत आजही चालते. प्लगइने येतात आणि जातात.

(३) वही घालणे. लय, पट्टी, वाद्याचे नाव, त्यातला निवडलेला आवाज आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून ठेवावी. पडद्यावरच्या बटणांचा फोटो काढावा. मामाची ही वही आता मी ठेवते.

(४) जुनी आवृत्ती लगेच न पुसणे. बऱ्याच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या एकाच संगणकावर नांदतात. जुना संगणक असेल तर तो भंगारात न देता इंटरनेटपासून तोडून ठेवावा. मात्र परवान्याची तपासणी कंपनीच्या संगणकावरून होत असेल, तर ती सोय बंद झाल्यावर जुने सॉफ्टवेअर नव्याने बसवता येत नाही. म्हणून ते चालू आहे तोवरच पहिला उपाय उरकावा.

(५) दुभाष्या वापरणे. ३२ बिटांचे प्लगइन ६४ बिटांत चालवणारी स्वतंत्र सॉफ्टवेअरे मिळतात. ही तात्पुरती डागडुजी समजावी.

(६) वाद्याचे नमुने घेणे. जुने वाद्य अजून वाजत असेल, तर त्याचा दर तिसरा सूर हलका, मध्यम आणि जोरकस असा तीनदा ध्वनिमुद्रित करावा. चार सप्तकांना सोळा सूर, म्हणजे अठ्ठेचाळीस नमुने होतात. प्रत्येकी सहा सेकंद धरले तर पाच मिनिटांचेही काम नाही. हे नमुने 'सॅम्पलर'मध्ये मांडले की आपल्यापुरते वाद्य तयार होते. ते इतरांना वाटण्यापूर्वी परवान्याच्या अटी जरूर वाचाव्यात.

मामाच्या सात ट्रॅकचे काय झाले, हे सांगायला हवे. त्याचा जुना संगणक परळला एका नातलगाकडे होता आणि त्यावर जुनी आवृत्ती सुदैवाने चालू होती. एका रात्रीत चार ट्रॅक वेव्हमध्ये उतरले. दोन वाद्ये तेथेही उघडेनात. त्यांच्या जागी नावाने जवळची वाटणारी वाद्ये घेतली तर जमेना, कानाने निवडली तेव्हा जमले. सातवा ट्रॅक ढोलकीचा होता आणि तिच्यासारखे नव्या आवृत्तीत काहीच नव्हते.

आपल्या वाद्यांचा प्रश्न

हे केवळ मामाचे दुर्दैव नव्हे. १९९१ साली कंपन्यांनी 'जनरल मिडी' नावाची १२८ आवाजांची सर्वमान्य यादी केली. तीत सतार आहे, सनई आहे. पण तबला नाही, ढोलकी, संबळ, हलगी तर नाहीच नाही. पियानोचे एक प्लगइन गेले तर त्याहून चांगली दहा मिळतात. ढोलकीचे गेले तर दुसरे मिळेलच, असे नाही. बाजार ज्यांचा मोठा, त्यांची वाद्ये आधी सुधारतात.

शेवटी पार्टीतल्या ढोलकीवाल्या काकांना बोलावले. खोलीच्या भिंतींना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, शेजाऱ्यांना अर्धा तास शांत राहण्याची विनंती केली आणि त्यांचे बोल एकेक करून मुद्रित केले. डाव्या पुडीवर तळवा घासून काढलेली ती घुमार जुन्या प्लगइनमध्ये कधीच नव्हती. आगमनाला धून वाजली. ते नमुने आज तीन ठिकाणी साठवलेले आहेत आणि कोणतीही नवी आवृत्ती ते काढून घेऊ शकत नाही.

आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी ढोलकी, संबळ, ताशा वाजवणारे विद्यार्थी पुढे येतात आणि तीन वर्षांनी निघून जातात. त्यांच्या वादनाचे असे नमुने घेऊन, वादकाच्या संमतीने, ते ग्रंथालयात ठेवता येतील. एक बरा मायक्रोफोन, एक शांत खोली आणि एक वही एवढेच भांडवल त्याला लागेल. प्राध्यापकवर्गाने व विद्यार्थी मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. वही लिहिण्याचे काम करण्यास मी तयार आहे.