निकोटिन कमी, पण धूर तोच

टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्या पोराला कुणी हटकले की ठरलेले उत्तर मिळते, "लाईट आहे काका, काही होत नाही." महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, तरी सिगारेट सुटी मिळते आणि हे उत्तरही ऐकू येते. आता अमेरिकेत "कमी निकोटिनची सिगारेट" या विषयावर बरेच संशोधन झाले आहे. त्याची अर्धवट बातमी आपल्या मुलांपर्यंत पोहोचली, तर "काही होत नाही" म्हणायला आणखी एक निमित्त मिळेल. म्हणून या वेळी आपण हा विषय नीट समजून घेऊ.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. सिगारेटचे व्यसन लागते ते निकोटिनमुळे. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते आणि बरे वाटते. थोड्या वेळाने तो अंमल उतरला की पुन्हा तलफ येते. पण कर्करोग, दमा आणि हृदयविकार यांमागे मुख्यतः जळत्या तंबाखूचा धूर असतो. त्या धुरात डांबर, कार्बन मोनॉक्साईड आणि इतर शेकडो घातक पदार्थ असतात. थोडक्यात, निकोटिन माणसाला बांधून ठेवते आणि धूर त्याला मारतो.

मग "लाईट" म्हणजे काय? बहुतेक लाईट सिगारेटींत तंबाखू नेहमीसारखीच असते, फक्त फिल्टरला बारीक छिद्रे पाडलेली असतात. यंत्रावर तपासले तर धुरात हवा मिसळते आणि आकडा कमी दिसतो. माणूस मात्र तलफ भागेपर्यंत ओढतो. तो झुरका मोठा घेतो, छिद्रे ओठांनी किंवा बोटांनी दाबतो आणि एखादी सिगारेट जास्त ओढतो. हिशेब तेवढाच होतो.

अमेरिकेत संशोधकांनी वेगळा प्रयोग केला. त्यांनी तंबाखूमधलेच निकोटिन कमी केले. १९९४ मध्ये बेनोविट्झ आणि हेनिंगफिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी असा विचार मांडला होता की, सिगारेटमध्ये निकोटिन इतके कमी ठेवावे की नव्या पोरांना व्यसनच जडू नये. पुढे २०१५ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ८४० जण होते. सगळे रोज ओढणारे होते आणि सोडण्याचा विचार नसलेले. त्यांना सहा आठवडे वेगवेगळ्या सिगारेटी दिल्या. काहींत एक ग्रॅम तंबाखूमागे १५.८ मिलिग्रॅम निकोटिन होते, तर सर्वांत कमी असलेल्यांत फक्त ०.४ मिलिग्रॅम. सहा आठवड्यांनी नेहमीच्या पातळीचे निकोटिन मिळालेले रोज सरासरी २१ सिगारेटी ओढत होते, तर सर्वांत कमी निकोटिन मिळालेले सुमारे १५. कितीही जोर लावून ओढले तरी हाती काही लागत नाही म्हटल्यावर जास्त ओढण्याची धडपडच थांबली. छिद्रांच्या लाईट सिगारेटमध्ये हे घडत नाही.

आपल्या घरांसाठी महत्त्वाचा भाग यापुढे आहे. याच चाचणीतल्या माहितीची वयानुसार छाननी झाली. अगदी कमी निकोटिनच्या सिगारेटमधून मिळणारे समाधान १८ ते २४ वयाच्या तरुणांना मोठ्यांपेक्षाही कमी वाटले. निकोटिन काढले की त्यांना सिगारेटची गोडी फारशी उरत नाही. अमेरिकेत रोज ओढणाऱ्या दहा प्रौढांपैकी जवळपास नऊ जणांनी पहिली सिगारेट अठराव्या वर्षाच्या आत ओढलेली असते. म्हणजे विशीतली गाठ अजून सैल असते. चाळिशीपर्यंत ती घट्ट बसते.

या संशोधनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चाचणीतल्या अनेकांनी दिलेल्या सिगारेटींबरोबर आपली जुनी सिगारेटही ओढली. शिवाय कमी निकोटिनच्या सिगारेटचा धूर काही सौम्य नसतो. अमेरिकेतल्या एका पाहणीत जवळपास निम्म्या धूम्रपान करणाऱ्यांना वाटत होते की, अशा सिगारेटने कर्करोगाचा धोका कमी होतो. हा गैरसमज आहे. तलफ कमी होऊन माणूस ओढणे सोडतो, तेव्हाच खरा फायदा होतो.

कायद्याचे काय? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक ग्रॅम तंबाखूमागे ०.७ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा सुचवली. न्यूझीलंडने २०२२ मध्ये असा कायदा केला आणि नवे सरकार आल्यावर २०२४ मध्ये रद्दही केला.

आपल्या बाजारातल्या विडीची गोष्ट उलट आहे. एका तपासणीत विडीच्या तंबाखूत ग्रॅममागे सुमारे २१ मिलिग्रॅम निकोटिन आढळले, म्हणजे सिगारेटपेक्षा जास्त. "विडी साधी असते" हा समज सोडा. शिवाय २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, तर २४.४ टक्के तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे. निकोटिनची बेडी तिथेही तीच आहे.

घरात काय करावे?

• सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तलफ येत असेल, तर गाठ घट्ट बसली आहे असे समजा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या.

• सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. त्या दिवसांत घरच्यांनी टोमणे मारू नयेत, सांभाळून घ्यावे.

• १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन केला की तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो. हाच क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो.

• पोराने पहिल्यांदा ओढल्याचे कळले तर मारू नका, जवळ बसवून बोला. गाठ सैल आहे तोवरच ती सोडवणे सोपे असते.

आणि पुन्हा कुणी "लाईट आहे" म्हणाले, तर आम्ही सुचवतो ते एवढेच विचारा, "धूर तोच आहे ना?"